लेकीला पहिला सर्फबोर्ड घ्यायचाय, मुक्काम पोस्ट लातूर

लातूरकरीण | १२ जानेवारी

ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्या, मी थांबते.

झालं? तर २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावातल्या माझ्या दहा वर्षांच्या लेकीला वाढदिवसाला सर्फबोर्ड, म्हणजे समुद्राच्या लाटेवर उभं राहून घसरायची फळी, पाहिजे.

दिवाळीत माझ्या भावाकडे सुरतकलला गेलो होतो, मंगळूरच्या थोडं वर. तिथं मामानं हौसेनं तिला चार दिवस शिकवणीला घातलं. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी जाऊन रडत आली, चौथ्या दिवशी पाण्याबाहेर यायला तयार नव्हती. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. एप्रिलअखेर परत जायचंय.

माहिती: उंची ४ फूट ५ इंच, वजन २८ किलो. पोहायला दोन उन्हाळे तलावावर शिकली, शिवाय आजोळच्या विहिरीत उड्या मारते. शिकवणीत तिला आठ फुटी मऊ बोर्ड दिला होता, तो वाळूतून ओढत न्यायला सुद्धा सरांना मदत करावी लागायची.

आता भावाचा मित्र त्याचा जुना फायबरचा बोर्ड विकतोय. ५ फूट ४ इंच, टोकदार, पांढराशुभ्र, वर निळी रेघ. सात हजार. भाऊ म्हणतो, "लेकराच्या मापाचा आहे, उचलता येईल, घेऊन टाक." लेक फोटो बघूनच पागल झालीय. नवरा म्हणतो सायकल घे. मला यातलं ओ की ठो कळत नाही. कुणी सांगेल का?

---

उनाडटप्पू

आधी नळाला लाटा येतात का बघा.

---

लातूरकरीण

नळाला पाणी आलं की कळवते.

---

खारा_वारा

मूळ परभणीचा, अकरा वर्षं झाली गोव्यात आहे. फळीवर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा एकतिशी ओलांडली होती. लहान मुलांचा अनुभव म्हणाल तर शेजारपाजारच्या पोरांना पाण्यात नेतो तेवढाच. तेवढं धरून वाचा.

ती ५-४ ची फळी घेऊ नका. फुकट दिली तरी घेऊ नका.

मापाची आहे हे भावाचं म्हणणं वरवर पटण्यासारखं आहे. लहान मूल, लहान फळी. पण ती मुलासाठी केलेलीच नाही, ती चांगलं येणाऱ्या मोठ्या माणसासाठी केलेली आहे. अंगाला फायबरचं कडक कवच, नाक टोकदार, खालचे फिन, म्हणजे माशाच्या परासारखी पाती, कडक आणि धारदार. नवशिक्याला समुद्रात लागतं ते बहुतेक वेळा स्वतःच्याच फळीचं. फळी डोक्यात बसते नाहीतर फिन मांडीला कापतो. एकदा असं लागलं की मूल पाण्याला नाही, फळीला घाबरतं, आणि ती भीती लवकर जात नाही.

पहिली फळी फोमची घ्या, दुकानात तिला सॉफ्टटॉप म्हणतात. आत थर्माकोल, वर मऊ थर, खाली गुळगुळीत प्लास्टिक. नाक गोल, फिन रबरासारखे वाकणारे. आत लाकडाची उभी पट्टी आहे का ते विचारा. ती नसली की फळी मधून लचकते आणि काही महिन्यांत केळीच्या सालीसारखी वाकते.

माप: ६ फूट ते ६ फूट ६ इंच, रुंदी २० ते २१ इंच, ४० लिटरच्या आसपास. तिच्या उंचीपेक्षा दीड-दोन फूट जास्त. आठ फुटी तिला जड होती कारण ती मोठ्यांचीच होती, शिकवणीत एकच माप सगळ्यांना देतात.

---

लातूरकरीण

तुमचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला. तो पेटलाय. लिटर म्हणजे काय ते आधी सांगा, कारण त्याच्या मते ती फळी २६ लिटरची आहे, लेक २८ किलोची, म्हणजे "नवशिक्याला वजनाइतके लिटर" हा नियम जवळपास पाळला जातो. मग अडचण काय?

---

खारा_वारा

भावाला आमचा नमस्कार सांगा, मुद्दा चांगला काढला.

फळी पूर्ण पाण्याखाली दाबली तर ती किती पाणी बाजूला सारते, ते लिटर. एक लिटर साधारण एक किलो तोलून धरतं. मुरलेले सर्फर स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी लिटरवर खेळतात, फळी अर्धी पाण्यात असते, ती लाटेच्या जोरावर वर येते. नवशिक्याला लाट पकडायच्या आधीच तरंगायचं असतं, म्हणून त्याला वजनाइतके किंवा जास्त लिटर लागतात.

पण लिटर हा फक्त एकूण आकडा. ते कुठं आहेत हे तो सांगत नाही. त्या फळीत सगळं मध्यभागी आहे, नाक पातळ, शेपूट पातळ, आणि नाक वर वळलेलं. लाटेच्या आधी हातानं वल्हवून वेग घ्यावा लागतो, तेव्हा वर वळलेलं नाक पाणी ढकलत बसतं, फळी पळत नाही. शिवाय रुंदी १८-१९ इंच असेल, उभं राहताना पाय मधल्या रेघेपासून जरा चुकला की उलटली. नवशिक्याचा पाय दर वेळी चुकतो.

एक परीक्षा करा. भावाला म्हणावं, फळी लेकीच्या काखेत दे. हात खाली सोडून बोटं फळीची खालची कड धरतात का? ही परीक्षा ती फळी पास होईल. मग त्याच फळीचं नाक तिच्या गालाला लावून बघ म्हणावं.

---

गोदाकाठ

ताई, नांदेडहून लिहायलो. वय बासष्ट. समुद्र आयुष्यात तीनदा बघितला, तिन्ही बारी काठावरून. फळीचं मला काय बी कळत न्हाई, पण लेकरू पाण्यात टाकायचं कळतं.

आमच्याकडं पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा बांधायचे. न्हाईतर गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा, झाकण डांबरानं बुजवून. आमच्या चुलत्यानं मला बांधला तो भोपळा माझ्या थोरल्या भावाचा, लई मोठा. उडी मारली तर भोपळा वर, मी खाली, तोंड पाण्यात अन् ढुंगण आभाळाकडं. चुलते विहिरीच्या थारोळ्यावर बसून हसायले. दुसऱ्या दिवशी बारका बांधला, तर त्याच्यासंगट मी बी गटांगळ्या खायलो. मग आजीनं सोप्यातले चार भोपळे काढून एकेक बांधून बघितला.

म्हणून सांगतो, गणवेश वाढत्या अंगाचा शिवतेत, भोपळा न्हाई. औंदा लेकरू जेवढं हाय तेवढ्याच मापाचं घ्या.

---

लातूरकरीण

काका, हा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. "ढुंगण आभाळाकडं" ऐकून दहा मिनिटं हसत होती. आता भोपळा पाहिजे म्हणतेय.

---

खारा_वारा

काकांशी नव्वद टक्के सहमत. उरलेले दहा टक्के: भोपळा जरा मोठा झाला की लेकरू उलटं होतं, फोमची फळी जरा मोठी झाली तर उलट सोपी होते. लांब फळी लाट लवकर पकडते आणि डुलत नाही. म्हणून ६ आणि ६-६ मध्ये अडलात तर ६-६ घ्या. तिला एकटीला उचलता येईल तोवरच, त्याच्या पुढे नको. जी फळी आईबापाला उचलावी लागते ती घेऊन मूल स्वतःहून पाण्याकडे जात नाही.

---

शंकासुर

पैठणला शाळेत विज्ञान शिकवतो. वर कुणीतरी नळाच्या लाटांचा विनोद केला, पण माझे विद्यार्थी खरंच विचारतात की नाथसागरावर सर्फिंग का होत नाही. एवढं पाणी आहे, वारा सुटला की लाटा उसळतात.

लाट किती मोठी होणार हे वारा किती अंतरावर सलग वाहतो यावर असतं. नाथसागर पंचावन्न किलोमीटर लांब आणि सत्तावीस किलोमीटर रुंद. तेवढ्यात उठणाऱ्या लाटा आखूड असतात, एकीमागून एक दोन-तीन सेकंदांत येतात आणि फळीला ढकलायला त्यांच्यात दम नसतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येणारी चांगली लाट मात्र पार दक्षिण महासागरातल्या वादळात जन्मते आणि हजारो किलोमीटर येते. येताना बारक्या लाटा मागे पडतात, लांब आणि शिस्तीच्या तेवढ्या पोचतात. किनारा जवळ आला, खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली, की ती पुढे कलते आणि फुटते. सर्फिंग त्या कलण्यावर चालतं.

समुद्र नसलेल्यांना दिलासा: केली स्लेटर या अमेरिकन विजेत्यानं २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात समुद्रापासून शंभरावर मैल आत, शेतजमिनीच्या पट्ट्यात, कृत्रिम लाटेचा तलाव दाखवला. पाण्याखालून एक मोठं पातं ओढत नेतात आणि लाट उठते. आपल्याकडे सुरू झालं तर पाण्याचं आवर्तन कुणाला आधी, यावरून तालुक्या-तालुक्यात मोर्चे निघतील.

---

उनाडटप्पू

सर, "लाटेसाठी पाणी, शेतकऱ्यांची कहाणी". घोषणा तयार आहे.

---

पैठणगेट

छत्रपती संभाजीनगरहून. मी हा उद्योग दोन वर्षांपूर्वी करून बसलोय, माझी चूक सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

मुलगा तेव्हा अकराचा. गोव्यात शिकला. मी नवीकोरी फोमची फळी घेतली, ७ फुटी. परतताना गाडीच्या टपावर बांधली, नाकाची बाजू मागं, फिन पुढं, वरचा भाग खाली. बांधायची रीत बरोबर होती. सोलापूरला जेवायला थांबलो. एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचा दीड. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खाऊन, वर ताक पिऊन निवांत बाहेर आलो. काळ्या कव्हरमध्ये फळी दीड तास उन्हात.

घरी येऊन उघडली तर वरच्या थराला थाळीएवढे दोन फोड. आत थर्माकोल आणि वर चिकटवलेला मऊ थर, मध्ये अडकलेली हवा तापून फुगते आणि थर सुटतो. एकदा सुटला की दाबून बसत नाही. मी सुई टोचून हवा काढली, फेव्हिकॉल भरलं, वर जात्याचा दगड ठेवला. चार दिवसांनी फोड जिथल्या तिथं.

मग उरलेली फळी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवली. सावली काय दिवसभर एकाच जागी राहते? मे संपेपर्यंत तिसरा फोड. आता आई तिच्यावर कुरडया वाळवते. कुरडयांना झकास आहे, चिकटत नाहीत.

कोकणातल्या माणसाला हा त्रास नाही असं नाही, पण आपल्याकडं त्रेचाळीस-चव्वेचाळीसला पारा जातो. पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारू नका. ठेवायचीच असेल तर घरात, पलंगाखाली आडवी. कव्हर घ्याल ते चंदेरी, काळं नको. मेण डब्यात ठेवा, माझं सीटवर वितळून बायकोच्या साडीला लागलं. तो विषय अजून मिटलेला नाही.

---

लातूरकरीण

हे कुणीच सांगितलं नव्हतं! आमचं वरचं घर पत्र्याचं आहे आणि मी तिथंच ठेवणार होते.

मेण कशाला लागतं पण?

---

खारा_वारा

पाय घसरू नये म्हणून वरच्या बाजूला घासतात. फोमच्या फळीचा वरचा भाग खरखरीत असतो, बऱ्याच मुलांचं मेणाशिवाय भागतं. ती घसरायला लागली तरच घ्या, आणि उष्ण पाण्याचं घ्या. थंड पाण्याचं आपल्याकडे लोण्यासारखं पसरतं.

---

सदाशिवपेठी_पण_मूळ_बीडचा

सगळे कोणती घ्यावी सांगतायत. मी म्हणतो घेऊच नका.

वर्षातून दोनदा समुद्र, प्रत्येक खेपेला पाच-सहा दिवस. म्हणजे फळी वर्षात दहा-बारा दिवस पाण्यात आणि साडेतीनशे दिवस पलंगाखाली. दोन वर्षांत मुलगी पाच-सहा इंच वाढणार, फळी लहान होणार. तिथं शिकवणीत फळी मिळतेच, भाड्यानंही मिळते. त्या पैशात पंधरा दिवस जास्त शिकवणी होईल. रेल्वेनं न्यायचं म्हणाल तर डब्यात नेता येणाऱ्या पेटीचं माप १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटर. सहा फुटी फळी त्यात कशी बसवणार? लगेजच्या डब्यात बुक करावी लागेल, आणि तिथं तिच्यावर कुणाची तरी मोटरसायकल चढेल.

हौस म्हणून काही द्यायचंच असेल तर बॉडीबोर्ड द्या. पोटावर झोपून लाटेवर घसरायचा छोटा फोमचा तुकडा, १९७१ मध्ये टॉम मोरी नावाच्या माणसानं हवाईत पहिला केला. तीन-साडेतीन फुटी, बॅगेत मावतो, लाट कधी पकडायची ते त्याच्यावर शिकता येतं.

---

लातूरकरीण

तुमचं गणित बिनतोड आहे. नवऱ्याला दाखवू नका म्हणजे मिळवलं.

पण तुम्हाला दहा वर्षांची लेक आहे का? भाड्याच्या फळीला ती "सरांची" म्हणते. सरांची फळी पडली तर ती सॉरी म्हणते आणि बाजूला होते. स्वतःच्या सायकलवरून पडली तर सायकलला शिव्या देते आणि परत बसते.

---

सदाशिवपेठी_पण_मूळ_बीडचा

दोन मुलगे. दोघेही व्हिडिओ गेमवाले. हरलो.

---

माजलगावची_सून

मी दवाखान्यात बसते, म्हणून धाग्याला जरा वेगळं वळण. फळी घ्या, न घ्या, लीश विसरू नका. फळीला आणि घोट्याला बांधायची लवचिक दोरी. साधारण फळीइतकीच लांब, थोडी जास्त चालेल, आखूड नको. मागच्या पायाला बांधायची. कोणता पाय मागे ते कसं ठरवायचं? पाठीमागून हळूच ढकला, जो पाय सावरायला आधी पुढे येतो तो पुढचा.

लीश ताणली की फळी रबरासारखी परत येते. थंड पाण्यात घालायचे रबरी वेटसूट बनवणारे जॅक ओनील यांचा एक डोळा १९७१ मध्ये असाच गेला, लीशनं ओढलेली फळी तोंडावर आली. मुलीकडून तीनच गोष्टी पाठ करून घ्या. पडताना उताणं-पालथं कसंही, पण पसरून पडायचं, उथळ पाण्यात सूर मारायचा नाही. वर येताना आधी हात डोक्यावर, मग डोकं बाहेर. आणि लाट आणि स्वतःच्या मधोमध फळी कधी धरायची नाही.

विहिरीत पोहता येणं चांगलं आहे. पण विहिरीचं पाणी कुठं जात नाही, समुद्राचं जातं. फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये एखादा पट्टा शांत दिसतो, मुलांना तीच जागा सुरक्षित वाटते, तिथूनच पाणी परत आत ओढत असतं. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला जायचं, फळी सोडायची नाही. गणपतीपुळ्याला फिरायला गेलेले आपल्याकडचे लोक कसे बुडतात ते पेपरात वाचतोच.

---

गोदाकाठ

बाई बरोबर बोलायल्यात. गोदावरीला पूर आला की आम्ही बी पोरांना हेच सांगतो, धारेला तोंड देऊ नगा, तिरपं कापा.

---

धारूरचा_किल्लेदार

नवरोबांना सांगा, हा खेळ आता ऑलिंपिकमध्ये आहे, टोकियोपासून. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये मामल्लापुरमला आशियाई स्पर्धा झाली, त्यात रमेश बुदिहाळनं कांस्य आणलं. सायकलवर कुठं मिळतंय पदक?

---

लातूरकरीण

नवरा म्हणतो, सायकलचं पण ऑलिंपिक असतं.

---

खारा_वारा

जुनी फळी घ्यायची ठरली तर दोन गोष्टी. एक, मुल्की-सुरतकलकडे चौकशी करा. मुल्कीला २००४ पासून मंत्रा सर्फ क्लब आहे, देशातला हा खेळ तिथूनच पसरला म्हणा ना, त्यामुळे आसपास शिकवणारे बरेच आहेत. पावसाळ्यात पश्चिम किनारा नवशिक्यांसाठी बंदच असतो, म्हणून मेमध्ये काही जण वापरलेल्या फळ्या काढून टाकतात.

दुसरं, बघताना वरचा थर सगळीकडे अंगठ्यानं दाबा. कुठं पोकळ लागलं, कुरकुरलं, की सोडा. मग उभी धरून हलवा आणि शेपटीकडं पाणी ठिबकतंय का बघा. थर्माकोल पाणी प्यायलं की फळी जड होते आणि वाळायचं नाव घेत नाही. फिनचे स्क्रू फिरतात का, लीश अडकवायची वाटी हलते का. रंग उडाला असेल तर उडू द्या.

---

लातूरकरीण | १९ मे

धागा वर काढतेय. वाढदिवस झाला, समुद्र झाला, रडारड झाली. क्रमानं सांगते.

निघायच्या आधी तीन महिने घरीच सराव. तिच्या सरांनी फोनवर सांगितलं होतं की पालथं झोपून एका झटक्यात उभं राहायचा सराव रोज वीस वेळा करा. त्यासाठी तिनं ओसरीवर खडूनं साडेसहा फुटी फळी काढली. खडू पुसला जायचा, म्हणून मग रांगोळीची कड. सासूबाई रोज सकाळी सडा घालताना ती फळी चुकवून घालायच्या. पाहुणे विचारायचे हे कोणत्या देवाचं.

लेकीचा डावा पाय पुढे. धक्का देऊन बघितलं. धक्का द्यायचं काम धाकट्यानं आवडीनं केलं, गरजेपेक्षा पंधरा-वीस वेळा जास्त.

एप्रिलअखेर सुरतकल. भावानं ती पांढरी ५-४ तोवर स्वतःच विकत घेतली होती! त्याचा हट्ट म्हणून पहिल्या दिवशी लेकीला त्याच्यावर झोपवलं, गुडघाभर पाण्यात, सर बाजूला. पालथी झोपल्याबरोबर कलंडली. पाच वेळा. सहाव्या वेळी उतरून म्हणाली, "मामा, ही तुझ्याच मापाची आहे." भाऊ अजून त्याच्यावर उभा राहायचा प्रयत्न करतोय. चव्वेचाळीस वर्षांचा आहे.

फळी शेवटी जुनीच घेतली. शिकवणीवाल्यांकडे तीन होत्या. पहिली सुंदर गुलाबी, लेकीचा जीव तिच्यावर, पण अंगठा दाबला तर शेपटीकडं पापडासारखी कुरकुरली. खारा_वारा, तुमची आठवण आली. दुसरी ७ फुटी, काखेत धरली तर बोटं कडेपर्यंत पोचेनात. तिसरी ६-६, मळकट पिवळी, कुणाचं तरी नाव खरवडलेलं, एक फिन नवीन बसवलेला. नऊ हजार सांगितले, साडेसातला दिली. लेकीनं तोंड वाकडं केलं. रंगावरून दोन तास अबोला.

आणि पहिले दोन दिवस तिला त्या फळीवर जमेना. सरांनी परत सात फुटी दिली, तर तिच्यावर पटकन उभी राहिली. मला वाटलं चुकलं सगळं, लांबच घ्यायला हवी होती. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, ती सारखी मागे झोपतेय, म्हणून नाक वर उचललं जातंय, चार बोटं पुढे सरक. चार बोटं! तेवढ्यावर अडलं होतं. दुपारी पिवळीवर उभी राहिली, फुटून पांढऱ्या झालेल्या पाण्यात, पार वाळूला लागेपर्यंत. खाली उतरली आणि कुणाकडं न बघता फळी काखेत मारून परत आत निघाली. ओढत नाही, काखेत. माझा फोटो काढायचा राहिला.

फळी मामाकडे ठेवलीय, न्हाणीघराच्या भिंतीला, सावलीत. लातूरला आणली नाही. पैठणगेट, तुमच्या फोडांमुळे. सदाशिवपेठी यांचं अर्धं ऐकलं, बॉडीबोर्डही घेतला, तो आणलाय. तो घेऊन ती आजोळच्या विहिरीत उतरते, वर पोरांची रांग. आता गावातली सात पोरं सर्फिंग शिकणार म्हणतायत.

---

पैठणगेट

अभिनंदन. कुरडयांसाठी वेगळी फळी बघा आता.

---

सदाशिवपेठी_पण_मूळ_बीडचा

अर्धं ऐकलं हे माझ्या घरच्या सरासरीपेक्षा चांगलं आहे.

---

कयाधूकाठचा | २ जून

नमस्कार, हिंगोलीहून. धागा उशिरा सापडला, पूर्ण वाचला. आमचा पोरगा चौदाचा, ५ फूट ५ इंच, वजन ५२. दिवाळीत गोव्याला शिकवणीला घालायचं म्हणायलोत. त्याला किती फुटी बघावी? ताईंची ६-६ चालंल का?

---

खारा_वारा

६-६ त्याला कमी पडेल. फोमचीच, साडेसात ते आठ फूट, साठ-सत्तर लिटर. या वयाची पोरं आखूड मागतात, देऊ नका. आणि आधी हे सांगा, पोहता येतं का?

---

कयाधूकाठचा

येतं की. विहिरीत शिकलाय. भोपळा सोडून तीन वर्षं झाली.